अकराव्या दिवशीचे मासे

"मग सही करू की राजीनामा देऊ, एवढंच सांगा, मास्टरचीफ!"

मकरंद चौबळ उभ्यानेच विचारत होता. बसायला पाट मांडला होता. पण पाटावर मांडी घातली की राग अर्धा होतो, आणि त्याला तो पुरा हवा होता.

लाडोबा कुबल कोकमासाठी रातांबे फोडत होते. साली एका सुपात, बिया घमेल्यात. हात कोपरापर्यंत लालभडक.

"चहा घेणार?"

"मास्टरचीफ, मी काय विचारतोय..."

"ते ऐकलं. चहा घेणार का?"

केतकीने मान हलवून हो म्हटलं. मालवणपर्यंत गाडीत सात तास तिने राग ऐकला होता. चहाला नाही म्हणण्याइतकी ती अजून सासरची झाली नव्हती.

मकरंद एका पाणबुडीचा कप्तान. अडतिसाव्या वर्षी, दोन मोहिमांच्या मधल्या फटीत, त्याने लग्न उरकलं होतं. त्याला आता चार महिने झाले होते.

कुबल त्याचे गुरू. पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग नसतो; तिथे कोण कुठे आहे ते कानांनी ओळखावं लागतं. नौदलाला असे कान घडवून देण्यात कुबलांची हयात गेली. निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली होती. हुद्द्याने ते मास्टरचीफ, म्हणजे खलाशांतले सर्वांत वरचे, आणि समोर शिकायला बसलेले अधिकारी. त्यामुळे ते अगदी अदबीने म्हणत, "साहेब, माफ करा, पण आपण ठार बहिरे आहात."

मकरंदला त्यांनी हे तीन वेळा सांगितलं होतं. चौथ्यांदा म्हणाले होते, "आता ऐकू येतंय." त्या एका वाक्यावर तो आजवर चालत आला होता.

"बसा तरी," कुबल म्हणाले. "पहिल्यापासून सांगा." मकरंद पाटाच्या कडेला टेकला.

केतकीने चहाची बशी जरा जवळ ओढली. ही गोष्ट तिने सासूबाईंपुढे ऐकली होती, माहेरी ऐकली होती, आणि एकदा तर गॅसची नळी बदलायला आलेल्या माणसापुढेही.

"बारा दिवसांचा सराव," मकरंद म्हणाला. "एका बाजूला विमानवाहू नौका. भोवती पाच युद्धनौका पहाऱ्याला, वर हेलिकॉप्टरं. दुसऱ्या बाजूला आमची एक पाणबुडी. एकटी! दहा दिवस आम्ही नुसते दबून होतो. अकराव्या दिवशी जरा मासे आवाज करत होते, ते सोडा..."

इथे तो पाणी प्यायला.

"...आणि बाराव्या दिवशी सकाळी सव्वासातला मी पेरिस्कोप वर काढला. अठराशे मीटर, मास्टरचीफ! डेकवर विमानाची काच पुसणारा माणूस दिसत होता. फोटो काढला. हिरवी बत्ती सोडली. म्हणजे टॉर्पेडो गेला असं धरायचं. बुडाली! विमानांसकट, दीड हजार माणसांसकट बुडाली!"

'बुडाली' म्हणताना त्याचा चेहरा इतका उजळायचा, की केतकीला दर वेळी त्या दीड हजारांच्या बायका आठवायच्या.

"मग?"

"मग अहवाल आला. 'पाणबुडी नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर होती. हल्ला ग्राह्य नाही. विमानवाहू नौका सुरक्षित.' सुरक्षित! उद्या शत्रू काय क्षेत्र विचारून येणार आहे? परवानगीचा अर्ज करणार आहे?"

त्याने पाटावर हात आपटला. सुपातल्या साली उडाल्या.

"याच अहवालावर समिती बसणार आहे. पुढच्या तीस वर्षांचं आरमार ठरवायला. विमानवाहू किती, पाणबुड्या किती, युद्धनौका किती. आणि पाया हा! कारण त्यांना डेक पाहिजे. पाहुणे आले की फिरवायला, बँड लावायला, टोपी सावरत फोटो काढायला. आमच्याकडे पाहुण्याला ताठ उभं राहता येत नाही, म्हणून आमचं खरंसुद्धा खोटं!"

केतकीलाही आतून संताप आला. प्रत्येक वेळी इथे यायचाच. कारण हे खरं होतं. समोर बुडालेलं जहाज कागदावर तरंगतं ठेवायचं, आणि वर ज्याने ते बुडवलं त्याच्याकडूनच सही मागायची...

"सोमवारी सही करायचीय," मकरंद म्हणाला. "नाहीतर हा." त्याने खिशावर हात ठेवला. राजीनाम्याचा कागद गाडीत त्याने दोनदा काढून वाचला होता. "विमानवाहूचे दिवस संपलेत, मास्टरचीफ. तुम्ही म्हणा. तुम्ही म्हटलंत तर पाणबुडीवाला एकेक माणूस माझ्यामागे उभा राहील."

कुबलांनी एक रातांबा फोडला. बी बाजूला काढली.

"मासे कसले होते?"

"काय?"

"अकराव्या दिवशी. मासे होते म्हणालात."

"मासे... मासेच. समुद्रात मासे असतात!"

केतकीने कप खाली ठेवला. चार महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला विचारायचं होतं. पण नव्या सुनेने नवऱ्याला विचारायच्या गोष्टींत 'आज जेवायला काय करू' असतं, 'मासे कसले होते' नसतं.

कुबल उठले. हौदावर जाऊन त्यांनी हात धुतले. लाल रंग काही गेला नाही.

"चला."

"कुठे?"

"मासे ऐकायला."

घरामागेच खाडी होती. भरती नुकतीच थांबली होती आणि पाणी तेलासारखं पडून होतं. कुबलांनी होडी ढकलली, केतकीला हात देऊन चढवलं, आणि पाणबुडीच्या कप्तानाला म्हणाले, "साहेब, बूट काढा. आणि त्या फळीवर नको, ती सुटलीय."

काठ दूर गेला तशी त्यांनी वल्ही थांबवली. एक वल्हं उभं पाण्यात बुडवलं आणि वरची मूठ कानाला लावली. जरा वेळ तसेच राहिले.

"आमचो आजो असोच ऐकी," ते म्हणाले. "आधी ऐकायचं, मग जाळं टाकायचं. ढोमा मासा बोलतो. घ्या साहेब."

मकरंदने वल्ह्याची मूठ कानाला लावली.

"पण मास्टरचीफ, मुद्दा असा आहे की समितीत आमचा एकही माणूस..."

कुबलांनी वल्हं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बाय, तू घे."

केतकीने मूठ कानाला लावली. आधी नुसतं घुमणं. मग...

"कुणीतरी वरच्या मजल्यावर कपाट सरकवतंय."

"आणि?"

"थांबलं." ती ऐकत राहिली. "आता दोघं सरकवतायत. एक जण रागावलाय बहुतेक."

"ठोका आहे का त्याला? घड्याळासारखा?"

"छे! त्यांना वाटेल तेव्हा करतात."

"मासे तसेच," कुबल म्हणाले. "मासे ठोका धरत नाहीत."

त्यांनी वल्हं पुन्हा मकरंदकडे दिलं. या वेळी समितीचा विषय निघाला नाही. मूठ कानाला लावून खाली वाकला. बराच वेळ.

त्याच्या मानेवरची शीर केतकीला दिसत होती. आधी ती उडत होती. मग हळूहळू दिसेनाशी झाली.

"असं होतं?" कुबलांनी विचारलं.

मकरंदने कानाची मूठ सोडली नाही.

"साहेब. असं होतं?"

"...नाही."

"ठोका होता?"

"होता."

"किती?"

"मिनिटाला चाळीस."

कुबलांनी डोळे मिटले. एखाद्याने ओळखीच्या माणसाचं आजारपण सांगावं आणि आपल्याला रोग आधीच कळलेला असावा, तसे.

"मागचा पंप."

"हो. ज्या बैठकीवर तो बसवलाय, ती ढिली झाली होती." मकरंदने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "पेडणेकर सोनार यंत्रावर ऐकत होता. तुमचाच चेला. म्हणाला, सर, बाहेर कुणी नाही, हा आवाज आपलाच आहे. थांबून आवळून घेऊ. ...थांबलो असतो तर दुसऱ्या दिवशीची सकाळ हुकली असती. पुन्हा तशी संधी मिळाली नसती."

"मग?"

"मी म्हटलं, मासे आहेत. नोंदवहीत मासे लिही."

"लिहिलं त्याने?"

"नाही. म्हणाला, मला मासे ऐकू येत नाहीत, सर." मकरंद थांबला. "...मी लिहिलं."

"आता कुठे आहे तो?"

"बदली झाली त्याची. गोदीत, भांडारावर."

'झाली' हा शब्द केतकीच्या कानाला जरा जड लागला.

कुबलांना मात्र ते ऐकवेना. इतका वेळ खाडीसारखा पडून असलेला माणूस एकदम उसळला.

"पाच युद्धनौका! वर हेलिकॉप्टरं! आणि एकालाही ऐकू आलं नाही! ढोल वाजवत वरात न्यावी तसे तुम्ही त्यांच्या मधून गेलात, साहेब, आणि ते झोपले होते! ते बहिरे, तुम्ही वाजंत्री... आणि भांडण कसलं, तर कोण कुणाला बुडवेल!"

होडी हलली. केतकीने दोन्ही कडा धरल्या.

"पण त्यांनी खोटं लिहिलं!" मकरंदही ओरडला. "माझी एक ओळ. एक शब्द! त्यांनी अख्खं जहाज तरंगत ठेवलं. त्यांचं खोटं कितीतरी मोठं आहे!"

"मोठं आहे."

"मग?"

"पंपाच्या तशाच बैठकीच्या आणखी पाणबुड्या बांधायच्या आहेत ना?"

"...आहेत."

"तुमचं म्हणणं समितीने ऐकलं, तर जास्तच बांधतील."

मकरंद मांडीवरचं वल्हं पुसू लागला.

"पन्नास-पन्नास माणसं आत बसतील. तीस वर्षं. मिनिटाला चाळीस ठोके देत फिरतील. आणि दर वेळी समोरचा झोपलेलाच असेल, असं लिहून देता?"

"मला ते माहीत नव्हतं असं नाही, मास्टरचीफ... मला ते आठवत नव्हतं."

"तू तिथे पाणी पितोस," केतकी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. मकरंदने तर जणू होडीच बोलल्यासारखं पाहिलं.

"काय?"

"गोष्ट सांगताना. माशांपाशी आलास की पाणी पितोस. आईंकडेही प्यायलास. आमच्याकडे पाणी नव्हतं समोर, तर सरबत प्यायलास." तिने होडीच्या कडा सोडल्या. "मला वाटायचं, घसा सुकत असेल."

कुबलांनी तिच्याकडे मान किंचित तिरकी करून पाहिलं. चांगला आवाज आला की ते वर्गात तशी करत.

मकरंद खाली पाहत होता. बूट काठावर राहिले होते. मोज्याला भोक होतं, तेही त्याला बहुधा आत्ताच दिसलं.

"मी ते मासे खोडले," तो हळूच म्हणाला, "तर माझीही पाणबुडी गेली. इतका आवाज केला म्हणजे सापडलीच असं धरायचं; कागदावर का होईना, अकराव्या दिवशीच बुडाली. म्हणजे बाराव्या दिवशीचा माझा हल्लाही गेला."

"हं."

"आणि त्यांचा अहवाल खोटा म्हणून मी उभा राहिलो, तर विमानवाहूही बुडाली. पाच युद्धनौका बहिऱ्या ठरल्या, त्या वेगळ्याच." तो हसला. त्या हसण्यात गंमत अजिबात नव्हती. "म्हणजे सोमवारी मी जाऊन सांगायचं, की साहेब, आपल्याकडे काहीच तरंगत नाही."

कुबलांनी त्याच्या मांडीवरचं वल्हं उचललं आणि ते वल्ही मारू लागले. होडीचं तोंड काठाकडे वळलं.

"त्यांनी विचारलं, मग पुढची तीस वर्षं काय बांधायचं... तर काय सांगू?" मकरंदचा आवाज आता साधा झाला होता. गाडीत, जेवताना, आंघोळीच्या दाराआडून केतकीने चार महिने जो आवाज ऐकला होता, तो हा नव्हता. "विमानवाहू राहणार? पाणबुडी राहणार? की माणूसच नसलेली यंत्रं येणार सगळीकडे? तुम्ही उभी हयात ऐकण्यात घातलीत, मास्टरचीफ. तुम्हाला काय येताना ऐकू येतंय?"

कुबलांनी चार वल्ही मारली.

पाचव्याला ते थांबले.

"माझे कान आता गेले, साहेब," ते म्हणाले. "ज्याचे शाबूत आहेत, त्याला तुम्ही गोदीत रंगाच्या डब्यांची राखण करायला बसवलंय."