तळाचा साका

फार मागे, भांडीकुंडी आपसांत बोलायची तेव्हाची गोष्ट. एका डोंगरगावात ठमाबाई नाचणीची कडक दारू करायची. तळघरातल्या काळ्या रांजणात ती वर्षभर मुरायची. ठमाबाई तो रांजण कधीच धुवायची नाही. तळाशी बसलेला ओंजळभर गाळ, म्हणजे साका, राखायची आणि त्यावरच नवी दारू घालायची.

ठमाबाई गेली. गाव बाहेरच्या पातळ दारूला सरावलं. रांजण मात्र तळाचा साका जपत अंधारात वाट बघत राहिला.

एका सणाला म्हातारे हळहळले, "ठमाबाईच्या दारूची सर कशालाच नाही." ते ऐकून तिची लेक गोजरा तळघरात उतरली. तिनं रांजणाला मिठी मारली.

"आईची दारू मी पुन्हा करणार," ती म्हणाली आणि राख नि काथ्या घेऊन रांजण आतून घासायला बसली.

"अरे काथ्या, थांब!" रांजण कळवळला. "तो मळ नाही. ठमाबाईची सगळी वर्षं आहेत ती."

"कळतंय रे," काथ्या म्हणाला, "पण मी तिच्या हातात आहे. आणि ती मायेनंच घासतेय."

रांजण लख्ख झाला. गोजरानं दारू घातली, वर्षभर मुरवली. म्हाताऱ्यांनी घोट घेतला आणि माना खाली घातल्या.

"चांगली झालीय, पोरी. पण तुझ्या आईच्या हाताची चव तिच्याबरोबरच गेली."

गोजरा तळघरात येऊन रिकाम्या रांजणाला टेकून बसली. "कशी होती रे ती चव? तू तरी सांग."

रांजणानं आपल्या पोटात खूप शोधलं. तिथं नुसता राखेचा वास होता.