डोलणाऱ्या माना

मान डोलावली म्हणजे समजलं असं नव्हे, एवढंच फुलवंती बेठेकरने प्रबंधात लिहिलं आणि तिची विकाससंवादातली एम.ए.ची पदवी धोक्यात आली. कारण मेळघाटातल्या कोरकू गावांत मराठीतून चाललेल्या ज्या आरोग्यमोहिमेबद्दल तिने हे लिहिलं, ती डॉ. वैशंपायनांची होती आणि तोंडी परीक्षेला समोर तेच बसले होते.

"न समजता कोण मान डोलावतं गं?" सर कडाडले. "कोरकू लोकांत हयात गेली माझी. सिद्ध कर, नाहीतर नापास!"

फुलवंती नापास झाली तर घरचे पुन्हा शिकू देणार नव्हते. ती आपल्या कोरकू भाषेत हळूहळू बोलू लागली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई सरांकडे कौतुकाने पाहू लागल्या, तसे सर गंभीरपणे मान डोलावत राहिले.

"समजलं ना, सर?" तिने शेवटी मराठीत विचारलं.

"अर्थात!"

"मी विचारत होते, तुमची मोहीम फसली हे तुम्हाला मान्य आहे का?"

सरांची मान जागीच थिजली. बाईंनी हसू दाबत गुणपत्रक ओढलं.

"हिला पास करायचं ना, सर? मराठीतच विचारतेय हं."