साठ हात दोरी

"पण साबिनोच का, तायता? मी का नाही?"

निकासियोने हे तिसऱ्यांदा विचारलं.

मेल्चोर म्हातारा दोऱ्यांच्या ढिगाशेजारी बसला होता. गुडघ्याला लोकरीची पट्टी गुंडाळत राहिला. एक गुडघा झाला, मग दुसरा.

तायता म्हणजे बाबा. पेरू देशात, त्या डोंगरांत, मोठ्या माणसाला अशीच हाक मारतात.

खाली खोल दरी होती. दरीत हिरवी नदी. दोन काठांवर दोन गावं, आणि मध्ये गवताचा पूल. डोंगरावरचं पिवळं गवत दगडाने ठेचायचं, भिजवायचं, तळहातावर वळायचं. दर वर्षी जुना पूल तोडून नदीत सोडून देतात आणि नवा बांधतात. त्यासाठी प्रत्येक घराने निदान साठ हात दोरी वळून आणायची, असा रिवाज.

आम्ही महाराष्ट्रातून गेलेली अकरा माणसं. पाच दिवस डोंगर चढत-उतरत तिथवर पोचलो होतो. पलीकडे जायचं तर पूल पुरा होईपर्यंत थांबणं भाग होतं. मी तुकडीचा आचारी. आमची म्होरकी शाल्मली त्या लोकांत दोन वर्षं राहिलेली, त्यांची भाषा तिला येते. पोह्यांची ताटली घेऊन ती माझ्या स्टोव्हजवळ बसली होती, आणि कानावर पडेल ते मला हळूच मराठीत सांगत होती.

सहा जाड दोर आदल्या दिवशीच दोन्ही काठांना ताणून बांधले होते. चार पायांखाली, दोन हातांना. पण तेवढ्याने पूल होत नाही. दोन माणसं दोन काठांवरून निघतात. दोरांवर बसायचं, पाय दरीत सोडायचे, आणि वरचे दोर खालच्या दोरांना बारीक दोरीने विणत पुढे सरकायचं. मध्यावर दोघं भेटतात. तेव्हा कुठे पूल होतो.

या काठावरून, गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या गुंडाळून, मेल्चोर बसायचा. बेचाळीस वर्षं तोच. पलीकडून त्याचा भाऊ. तो भाऊ त्या वर्षीच्या थंडीत गेला. त्याच्या जागी आता कोण, एवढंच गाव बोलत होतं.

त्या सकाळी म्हाताऱ्याने नुसतं बोट दाखवलं. साबिनोकडे.

साबिनो नुसत्या दोरावर दोन्हीकडे पाय टाकून बसला, आणि हसत, सरकत, पलीकडे पोचलासुद्धा. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले.

निकासियो दरीकडे बघत नव्हता. तो फोटो काढणाऱ्यांकडे बघत होता.

"एकोणीस वर्षं मी तुमच्या हाताखाली आहे," तो म्हणाला. "तो माझ्यानंतर आठ वर्षांनी आला."

"हं."

"आला तेव्हा त्याला गवत ठेचता येत नव्हतं. मी शिकवलं."

"हं."

"आता पाहुणे आले की त्याचाच फोटो काढतात. मागल्या साली कुणीतरी एवढा मोठा छापून पाठवला. त्याच्या बायकोने दारावर लावलाय. पाण्याला जाताना मला रोज त्या दारावरून जावं लागतं."

"दुसरी वाट नाही?"

"आहे. लांबून जाते."

"मग लांबून जात जा."

निकासियोने मान हलवली.

"नाही जात," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने कमरेच्या पिशवीतून कोका नावाच्या झुडपाची तीन पानं काढली. एकावर एक ठेवली, समोरच्या बर्फाच्या शिखराकडे धरून हलकी फुंकर घातली, मग खडकाच्या फटीत ठेवली. कामाआधी ते लोक तसं करतात. त्याला कसलीच घाई नव्हती.

"तुम्ही त्याच्याकडे बघून हसता," निकासियो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "माझ्याकडे बघून... कधीच नाही."

हे सांगताना शाल्मली जरा थांबली. मी स्टोव्ह बारीक केला.

तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"तायताऽऽ! झोपलात का तिकडे? माझ्या बुडावर दोराचे वळ उठले!"

वर उतारावर दोऱ्या वळत बसलेल्या बायका खदखदल्या. म्हातारासुद्धा हसला.

निकासियोने ते हसणं पाहिलं.

"हेच," तो म्हणाला. "मी हेच म्हणतोय."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला...

"बस," तो म्हणाला. "डोळे मीट. हात पुढे कर."

दोऱ्यांच्या ढिगातल्या प्रत्येक भेंडोळ्याच्या टोकाला लोकरीचा छोटा गोंडा होता. ज्या घराची दोरी, त्या घराचा रंग. साबिनोच्या घराचा तांबडा, निकासियोचा निळा. म्हाताऱ्याने एक भेंडोळं उचललं, गोंडा आपल्या मुठीत दाबून धरला, आणि दोरी निकासियोच्या तळहातावर ठेवली.

"कोणाची?"

निकासियोचा अंगठा दोरीवरून वीतभरच फिरला.

"साबिनोची."

"कशावरून?"

"नवं गवत जोडताना तो शेंडा आत घालतो. बाकी सगळे बुडखा घालतात. आणि सुरुवातीला त्याचा पीळ सैल असतो. मग तो गाणं म्हणायला लागतो, तसा पीळ बसत जातो. हे, इथे... इथे तो हसलाय. हात सुटला होता. पण लगेच सावरलंय."

आमच्या गावी आम्ही घायपाताचे दोर वळायचो. हाताची ओळख दोरीत राहते, हे मला ठाऊक होतं. पण दोरीत कुणाचं हसणं सापडतं, हे मी तिथेच ऐकलं.

म्हाताऱ्याने दुसरं भेंडोळं घेतलं.

"ही?"

"हीपण त्याचीच. पण संध्याकाळची. त्याचा डावा अंगठा एकदा मोडला होता. गार वारं सुटलं की तो अंगठा दुखतो, मग तो नुसत्या बोटांनी वळतो."

"अंगठ्याचं मला माहीत नव्हतं," म्हातारा म्हणाला.

"कुणालाच माहीत नाही. त्याच्या बायकोलाही नसेल."

"तुला सांगितलं त्याने?"

"नाही. मी पाहिलं."

म्हाताऱ्याने तिसरं भेंडोळं हातावर ठेवलं.

निकासियोचा अंगठा पुढे गेला. थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. पाच हात, दहा हात, वीस हात दोरी त्याच्या बोटांतून सरकली.

"ही कुणाची आहे?" त्याने विचारलं.

"मी तुला विचारतोय."

"कुणी नवशिक्या दिसतो. गवत चांगलं आहे, भिजवलंय नीट. हातात जोरही आहे. पण पीळ बघा ना! इथे घट्ट, इथे सैल, इथे पुन्हा एकदम करकचून. वळणारा सारखी मान वळवून दुसरीकडे बघतोय."

"कुठे बघतोय?"

"ते मला काय माहीत? कुठेतरी. पण दर हातभर दोरीमागे एकदा तरी तिकडे बघतोय."

"मग काय करू हिचं?"

"पुलाला लावू नका, तायता. ज्याची असेल त्याला परत द्या." निकासियो डोळे मिटूनच हसला. त्या सकाळी तो पहिल्यांदाच हसला असावा. "आणि त्याला सांगा, दोरी मागाहून वळ, आधी मान बांधून ठेव."

म्हातारा हसला नाही.

"डोळे उघड," तो म्हणाला. आणि मूठ उघडली.

गोंडा निळा होता.

...

शाल्मलीचे पोहे गार झाले होते. खालून नदीचा आवाज तेवढा येत होता.

"गोंडा कुणीतरी बदललाय," निकासियो म्हणाला.

"गाठ बघ."

निकासियोने गाठ पाहिली. गाठ त्याच्या बायकोने मारलेली होती. ती कशी मारते, हे त्याला ठाऊक असणारच.

तो उठला. भेंडोळं घेऊन चार पावलं लांब गेला, आणि दरीकडे पाठ करून बसला. टोकाचा गोंडा सोडून बाजूला ठेवला. दोरी उलगडायला लागला.

सगळी उलगडली. साठ हात. मांडीवर नुसतं गवत उरलं.

त्याने गवतावर पाणी शिंपडलं आणि पहिल्यापासून वळायला घेतलं.

म्हाताऱ्याने त्याला हे सांगितलं नव्हतं, आणि अडवलंही नाही. तो काठाला टेकून बसून राहिला. तो बसला म्हणून गाव बसलं, आणि गाव बसलं म्हणून आम्हीही. आमच्यातले दोघं-तिघं चुळबुळ करायला लागले. एक जण माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, आज पूल होणार का नाही? पुढचा मुक्काम गाठायचाय." मी त्याला चहा दिला. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, डाळ मात्र शिजता शिजत नाही. मी डाळ चढवलेली होती.

पलीकडून साबिनो पुन्हा ओरडला.

"निकासियोदादाऽऽ! काय चाललंय? पूल पुढल्या साली बांधायचाय का?"

बायका पुन्हा हसल्या.

निकासियोची मान हलली. अर्धी वळली... तिथेच थांबली. आणि परत खाली गेली. हात चालूच होते.

मग साबिनोने गाणं सुरू केलं. आवाज गोड होता त्याचा, खोटं कशाला बोलू. दरी भरून गेली. आमची माणसंसुद्धा उठून काठाशी गेली, ऐकायला.

निकासियोच्या कानशिलाजवळची शीर तटतटलेली मला दिसत होती. त्याने डोळे मिटून घेतले. हात चालूच होते.

ऊन खांद्यावर होतं ते डोक्यावर आलं. गाणं केव्हातरी संपलं. ते संपलेलं निकासियोला कळलं, असं मला वाटत नाही.

शेवटी त्याने टोकाला गाठ मारली, निळा गोंडा बांधला, आणि भेंडोळं आणून म्हाताऱ्यापुढे ठेवलं. त्याचे तळहात सोलवटले होते.

म्हाताऱ्याने या खेपेला आपले डोळे मिटले. दोरी बोटांतून सोडत गेला. पाच-दहा हात पाहून खाली ठेवील असं वाटलं, पण नाही. सगळी साठ हात दोरी पाहिली.

"कोणाची?" निकासियोने विचारलं.

"ओळखत नाही," म्हातारा म्हणाला. "ही दोरी आजवर माझ्या हाती आलेली नाही."

निकासियो उभाच राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, आणि बोलायचं नव्हतंही. पायाने माती उकरली. मग खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, विचारलंच.

"साबिनोच्या दोरीपेक्षा... बरी आहे का?"

शाल्मलीने तोंडावर हात धरला.

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. आणि मग हसला. निकासियोकडेच बघून.

हसता हसता त्याने आपल्या गुडघ्यावरची लोकरीची पट्टी सोडायला घेतली. एक गुडघा झाला, मग दुसरा. वरच्या उतारावर बायकांचे हात थांबले.

त्याने निकासियोला जवळ ओढलं, आणि त्या पट्ट्या त्याच्या गुडघ्यांना गुंडाळल्या. सावकाश, एकेक वेढा. मग निळ्या गोंड्याचं भेंडोळं उचलून त्याच्या खांद्यावर अडकवलं.

"तायता," निकासियो म्हणाला. "ही जागा तुमची आहे."

पलीकडच्या काठावर साबिनो उठून उभा राहिला होता. काय चाललंय ते त्याला दिसत होतं. त्याने दोन्ही हात वर केले आणि काहीतरी ओरडला. वाऱ्यामुळे ते कुणालाच ऐकू आलं नाही.

"बस," मेल्चोर म्हणाला. "तो समोरूनच येतोय. आता मान वळवावी लागणार नाही."