पळसपानाचे पुडे

फार मागे, एका रानात ऐनाच्या झाडाला मोठी ढोली होती. रानातले सगळे आपलं सामान तिच्याकडे ठेवायला देत. नियम एकच: वस्तू पळसाच्या पानात गुंडाळून आणायची. "आत काय आहे ते मला सांगूच नका," ढोली तोऱ्यात म्हणे. "मला सगळे पुडे सारखेच. म्हणून तर माझ्याकडे काहीही राहतं."

एकदा वाऱ्याने मैनेचं घरटं मोडलं. नवं होईपर्यंत तिने आपलं अंडं पानात गुंडाळून ढोलीच्या हवाली केलं.

दुपारी शेकरू आलं. "ढोलीमावशी, माझा बेहडा दे गं."

ढोलीने वरचाच पुडा पुढे सरकवला. बेहडा फोडायचा म्हणून शेकरूने पुडा न सोडताच कचकन दात रोवले. त्याच्या मिशांवरून पिवळं ओघळलं.

मैना चोचीत काडी घेऊन परतली, तेव्हा ढोली घाईघाईने म्हणाली, "मला काय ठाऊक? माझ्याकडे तर नुसता पुडा होता."

मैनेची काडी खाली पडली. "मी पुडा नव्हता ठेवला गं," ती म्हणाली.

तेव्हापासून पुडा घेताना ढोली म्हणते, "आत काय आहे आणि हा सोडायचा कसा, तेवढं सांगून जा." सगळे सांगतात. मैना मात्र त्या झाडावर पुन्हा बसली नाही.