बळाच्या दावणीचा बैल

पूर्वी गोदेच्या काठी मधुवन नगरात राजा वसुकेत राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने वेशीबाहेरच्या गवळवाड्यात बैलाचा जन्म घेतला होता. तो अंगाने बेताचा पण काटक आणि राखेच्या रंगाचा होता, म्हणून त्याची मालकीण उत्पला गवळण त्याला धूसर म्हणे.

त्या गवळवाड्यात एक रीत होती. गोठ्यातले सर्वांत धडधाकट जनावर ज्या दावणीला बांधत, तिला बळाची दावण म्हणत. प्रत्येक वासरू महिना-दोन महिने तिथे बांधले जाई. वासराला दोन-तीन दिवस बारीक ताप येई, ते कान पाडून बसे, आणि मग असे उठे की तो ताप त्याच्या वाटेला पुन्हा जात नसे. लोक म्हणत, मातीचे बळ लागले. उत्पलेच्या गोठ्यात सात वर्षे ही दावण धूसरची होती. पेंडीचा पहिला घास त्याचा, आणि सणाची पहिली माळही त्याच्याच गळ्यात पडे.

एके वर्षी उत्पलेने घरातले सगळे तूप देऊन उत्तरेकडून तांडा घेऊन आलेल्या सार्थवाहाकडून बर्फाळ मुलखातल्या तीन पांढऱ्या गायी घेतल्या. विधवा बाईची सारी आशा त्या तीन कासांत होती. तिने रीतीप्रमाणे पहिली गाय धूसरशेजारी बांधली. दोन महिने सरतात तोच गायीला ताप भरला. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, मूत जांभळाच्या पाण्यासारखे लाल झाले, आणि सातव्या दिवशी ती उठली नाही. दुसरीचेही तसेच झाले.

गवळवाड्यातला म्हातारा वप्पक काठी टेकत आला. "दृष्ट लागली गं तुझ्या गोऱ्या सुनांना! बळ कमी पडतंय. तिसरीला चार महिने बांध."

"काका, ही गाभण आहे. ही गेली तर मी कुणाच्या दारात उभी राहू?"

"म्हणून तर सांगतो. बळाच्या दावणीपेक्षा मोठं औषध माझ्या आजोबांनी पाहिलं नाही."

"तुमच्या आजोबांनी बर्फातली गाय तरी कुठं पाहिली होती?" उत्पला म्हणाली. पण दुसरे काही सुचेना, तेव्हा उद्या सकाळी बांधायचे ठरले.

त्या दुपारी ऊन पातळ दुधासारखे अंगणात सांडले होते. पलीकडच्या झाडाखाली बांधलेली तिसरी गाय, हिमा, अर्धवट डोळे मिटून म्हणाली, "दादा, आमच्याकडे दुपारी ढग खाली येऊन कुरणात बसतात. आपण चरतोय की तरंगतोय, ते कळत नाही."

"तिकडे गोचीड असतात का गं?"

"गोचीड म्हणजे काय?"

धूसर रवंथ करायचा थांबला. गेले चार महिने तो पाहत होता. त्याच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून एरंडाच्या बीएवढा फुगलेला गोचीड गळून पडे आणि भिंतीच्या फटीत शिरे. काही दिवसांनी त्याच फटीतून मोहरीहून बारीक पिल्ले निघत आणि शेजारच्या पांढऱ्या पायांवर चढत. मग ताप येई. त्याला स्वतःचे वासरूपण आठवले, ते तापाचे तीन दिवस, जमीन पाण्यासारखी हलत होती ते. त्याच्या रक्तात तेव्हापासून काहीतरी वस्तीला होते. त्याला ते छळत नव्हते. लहानपणी पचते ते मोठेपणी मारते, आणि लोक त्यालाच बळ म्हणत होते.

गप्प राहिले तर कुणाला कळणार नव्हते. पेंड, माळ, सगळे तसेच राहिले असते.

सकाळी उत्पला हिमाला घेऊन आली, तेव्हा तो माणसाच्या वाणीने बोलला. "माये, तिला माझ्याजवळ बांधू नकोस. माझ्या अंगावरच्या गोचिडांतून ताप जातो."

उत्पलेच्या हातातले दावे गळून पडले. "म्हणजे तू मारलंस त्यांना?"

"मनात नव्हतं. पण गेलं ते माझ्यापासून, हे खरं आहे."

मग खाली बसून तिने पदर डोळ्यांना लावला. "मी करू तरी काय आता?"

"तिला दूर नव्या छपरात बांध. रोज तिच्या कानांत, कासेखाली, शेपटीखाली हात फिरव. सापडेल तो गोचीड मडक्यात घाल आणि वरच्या माळावर आणून सोड. मी तिथे असेन. त्यांनाही पोट आहे. माझ्या अंगावर त्यांना जागा आहे."

असे म्हणून तो ज्या खडकाळ माळावर कुणी गुरे नेत नसे, तिकडे चालू लागला. "सात वर्षं पेंड खाल्ली, आणि आता वैद्य झाला!" वप्पक मागून ओरडला.

हिमा जगली. तिला कालवड झाली. कालवडीचे दूध तुटल्यावर उत्पला तिला घेऊन माळ चढू लागली, तेव्हा वप्पकाने वाट अडवली. "आईला ज्याच्यापासून लपवलंस, त्याच्याकडेच लेकीला नेतेस?"

"काका, आई परकी होती. लेक इथली आहे. तिनं इथल्या मातीशी लहानपणीच ओळख केलेली बरी."

माळावर धूसरच्या बरगड्या दिसत होत्या, पण डोळे शांत होते. कालवड त्याच्याजवळ चरू लागली. पुढे तिला ताप आला. उत्पला तीन दिवस तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या संध्याकाळी कालवड उठली, झऱ्यावर पाणी प्यायली आणि परत येऊन धूसरचे कपाळ चाटू लागली. खालच्या धुक्यातून हिमाचे हंबरणे वर आले. दोघांनीही कान टवकारले.

आपल्या हातून नकळत झालेली इजा लपवणाऱ्या एका भिक्षूला शास्त्या भगवंतांनी ही कथा सांगितली आणि म्हटले, "तेव्हाची उत्पला ही आज विहाराला ताक घालणारी उपासिका सुजाणा होय. हिमा आज भिक्षुणी शुभ्रा आहे. रीत सांगणारा वप्पक, हे भिक्षू, तूच होतास; तुझ्या मनात तेव्हाही वाईट नव्हते. आणि ज्याच्यापासून ताप गेला, तो बैल मी होतो."

भिक्षूने मान खाली घातली, आणि जे लपवले होते ते सर्वांसमोर सांगितले.

बोधिसत्त्वाच्या या आचरणाला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.