लोखंडी हात आणि ठिपकी मुंगी

बसा बरं नीट मांडीवर. मुंगीची गोष्ट आहे, हळूच ऐकायची.

एक होती मुंगी. एवढीश्शी. तिचं नाव ठिपकी.

आणि एक होता हात. लोखंडी हात! केवढा? दाराएवढा. सिनेमात चंद्रावरचे दगड उचलणारा एक हात होता ना, मंदाताईनं तस्साच बनवला. पत्रे ठोकले, ठण्ण ठण्ण. चाकं जोडली, खट्ट खट्ट.

आज खंडेनवमी. आज यंत्रांची पूजा. ताईनं हाताला फूल वाहिलं. मूठभर अक्षता टाकल्या. साखरेचा नैवेद्य दाखवला.

ठिपकीला मिळाला साखरेचा दाणा. घरी बाळं भुकेली. ती निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. वाटेत लोखंडी तळवा. अगं बाई, केवढा हा! दाणा खाली ठेवून ती बघतच राहिली.

तेवढ्यात ताईनं बटण दाबलं. खटक! ठिपकी पडली बाहेर. मूठ मिटली, हात वर गेला. दाणा राहिला आत.

"हातदादा, हातदादा, उघड ना. दाणा सुटेना, बाळं भुकेली."

"मी नाही उघडत. आधी चाक फिरू दे."

ठिपकी गेली चाकाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, फिर ना. हात उघडेना, दाणा सुटेना, बाळं भुकेली."

"मी नाही फिरत. आधी मोटर चालू दे."

ठिपकी गेली मोटरकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"मोटरबाई, मोटरबाई, चाल ना. चाक फिरेना, हात उघडेना, दाणा सुटेना, बाळं भुकेली."

"मी नाही चालत. आधी ताईला बटण दाबू दे."

ठिपकी गेली ताईकडे, तुरुतुरु तुरुतुरु. ताई गालाला हात लावून बसलेली. तिला रडूच येत होतं.

"मंदाताई, मंदाताई, बटण दाब ना. मोटर चालेना, चाक फिरेना, हात उघडेना, दाणा सुटेना, बाळं भुकेली."

"कशी दाबू गं? चाकात काहीतरी अडकलंय. माझं बोट आत जात नाही. ते निघालं, की दाबते."

आता आत कोण जाईल? एवढंसं कोण आहे? बरोब्बर!

ठिपकी शिरली चाकात. आत काळोख. चाकाचे दात डोंगराएवढे. पण बाळं भुकेली होती ना, मग गेलीच ती पुढे. आणि काय दिसलं? अक्षतेचा तांदूळ! ताईनंच टाकलेला. ठिपकीनं तो धरला. ओढला. हुश्श, हुश्श, सुटला!

ताईनं बटण दाबलं, टक. मोटर चालली, घुर्रर्र. चाक फिरलं, गरगर गरगर. हात उघडला. एक बोट, मग दुसरं, मग सगळी. ताई बघतच राहिली. ठिपकीही बघतच राहिली.

तळव्यावर दाणा. अख्खा! जरासुद्धा चुरा नाही. हात हळूच खाली आला, ठिपकीच्या अगदी समोर.

"घे ठिपके, तुझा दाणा."

"आणि तांदूळही तुझाच," ताई म्हणाली.

चंद्रावरचे दगड उचलणाऱ्या हातासारखा एवढा मोठा हात, पण त्यानं सगळ्यात आधी उचलला ठिपकीचा दाणा.

बाळं जेवली, ठिपकी निजली. आता तुमची मूठ उघडा पाहू. हळूच हं, आत दाणा असेल.