मुबीनची जागा

"मुबीनशिवाय खेळायचं कसं, ते तुम्हीच सांगा वस्ताद."

हिंदुराव वस्ताद तालमीच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला...

विचारणारा इंद्रजित साळोखे. आमच्याकडे फुटबॉलच्या टीमा तालमींच्याच असतात; तो आमच्या चिंचबन तालमीच्या टीमचा कॅप्टन. या मोसमात अकरा गोल मारलेला फॉरवर्ड. कुठला गोल कितव्या मिनिटाला मारला, हे तो झोपेतही सांगेल. मुबीन शिकलगार आमचा बॅक. त्याच्या नावावर एकही गोल नाही, त्यामुळे त्याचं कौतुक करायचं आमच्या कुणाच्या कधी डोक्यात आलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मुबीनचा गुडघा फिरला. डॉक्टरांनी वर्षभर मैदान बंद केलं. त्यानंतरच्या पहिल्या मॅचला आम्ही चार गोल खाल्ले, दुसऱ्या मॅचला पाच. पेठेत तोंड दाखवायची सोय उरली नाही.

इंद्रजितच्या हातात एक कागद होता. लीगमधून नाव मागे घेत आहोत, असा अर्ज. तीन मॅच बाकी होत्या. नाव मागे घेतलं की पुढच्या वर्षी खालच्या गटात जायचं, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने आपली सही ठोकली होती. तालमीचा शिक्का तेवढा राहिला होता.

"इज्जत जाण्यापेक्षा घरात बसलेलं बरं," तो म्हणाला.

"कुणाची इज्जत?"

इंद्रजितने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"शनिवारी समोर कोण हाय?"

"गेल्या सालचे विजेते. धा गोल घालतील."

"तू किती घालशील?"

"मी कुठनं घालू वस्ताद? मुबीन मागं होता तवा मी कधी वळून बघितलं न्हाई. आता पुढं पळतोय, पण कान मागं असतोय. सगळ्यांचंच तसं झालंय. गोलकीपर तर बॉल मैदानाच्या पल्याड असला तरी वरडतोय."

"म्हंजे मागं गोल असतोय, हे तुला तीन आठवड्यामागं कळलं."

आम्ही दोघेतिघे बाजूच्या कट्ट्यावर बसलो होतो. आम्हाला हसू आलं. इंद्रजितने आमच्याकडे असं बघितलं की ते जागीच विरलं.

"तुम्ही चेष्टा करा. त्याच्यासारखा माणूस दाखवा मला. सहा फुटी गडी. हेड मारायला उठला की दोघं आपसूक बाजूला व्हायची."

वस्तादांनी टरफलं झटकली.

"शिक्का आत कपाटात हाय. कपाट उघडंच हाय. जा, मार."

एवढं सोपं जाईल असं इंद्रजितला वाटलं नसावं. तो पायरी चढला. तोवर वस्ताद उठले आणि दारात उभे राहिले.

तालमीचं दार ठेंगणं आणि अरुंद. वस्ताद पंचाहत्तरीचे. जवानीतलं अंग उतरून नुसता सांगाडा राहिलेला, उंची जेमतेम इंद्रजितच्या खांद्याएवढी.

"बाजूला व्हा की वस्ताद."

"मी कुठं न्हाई म्हणालो? जा की आत."

इंद्रजित हसला. डावीकडे खांदा टाकायचा आणि उजवीकडून निसटायचं, हा त्याचा डाव सगळ्या स्टेडियमला पाठ आहे. तरी माणसं त्याला फसतात.

वस्ताद अर्धं पाऊल सरकले. वाट बंद.

त्याने उलटा डाव टाकला. पुन्हा अर्धं पाऊल. म्हातारा त्याच्या पायांकडे बघतच नव्हता. त्याची नजर इंद्रजितच्या कमरेवर होती.

तिसऱ्यांदा इंद्रजितचं डोकं फिरलं. त्याने खांदा घातला.

वस्ताद उंबऱ्यावर आडवे झाले. कोपर सोललं. खरं सांगतो, त्या क्षणी इंद्रजितच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. आम्ही उठलो. वस्तादांनी पडल्या पडल्याच हात केला. बसा.

मग त्यांनी चौकट धरली. एक गुडघा उचलला... दुसरा उचलला... आणि पुन्हा दारात उभे राहिले. कोपरातून रक्त येत होतं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ये."

इंद्रजितचा चेहरा पांढरा पडला होता.

"वस्ताद, चुकलं माझं. लागलं काय?"

"लागलं. ये."

"पुन्यांदा ढकललं तर मी आत जाईन."

"जाशील की."

"मग?"

"मग मी उठीन."

इंद्रजित जागचा हलला नाही. दार समोर होतं, शिक्का आत होता आणि मधे जुन्या चिपाडासारखा एक म्हातारा.

"मुबीनची गोष्ट येगळी हुती," तो अखेर म्हणाला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता. "सहा फुटी हुता त्यो."

"आन् मी?"

पलीकडच्या गिरणीचा पट्टा तेवढा फडफडत होता. इंद्रजित पायरीवर बसला. हातातला कागद पार चुरगळला होता, याचा त्याला पत्ताही नव्हता.

"शनिवारी मागं मी थांबतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

वस्तादांनी कोपरावरचं रक्त पुसलं.

"पर मी बॅक न्हाई, वस्ताद. आयुष्यात कधी मागं खेळलो न्हाई. पाडून जातील मला."

"जातील."

"पाच गोल खाल्ले तर?"

"सहाव्याला हुबा ऱ्हा."